विचार की निर्णय? : इराकच्या निःशस्त्रीकरणावरून सुरक्षा परिषदेत झालेला वाद (२००२-२००३)

८ नोव्हेंबर २००२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने इराकविषयीचा ठराव क्रमांक १४४१ मंजूर केला. तो शुक्रवार होता आणि रमजान नुकताच सुरू झाला होता. पंधराच्या पंधरा सदस्यांनी बाजूने मत दिले. त्यांत सीरियाही होता. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि चीन यांचे अखेर एकमत झाले, असे दुसऱ्या दिवशी जगाने वृत्तपत्रांतून वाचले. पुढच्या साडेचार महिन्यांत याच एकमताच्या चिंधड्या झाल्या आणि २० मार्च २००३ रोजी परिषदेच्या नव्या संमतीवाचून युद्ध सुरू झाले. सर्वसंमत ठरावाच्या पोटातून एवढा मोठा मतभेद कसा निघाला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्या महाविद्यालयांतून हा काळ शिकवताना दोन सोपी उत्तरे दिली जातात. पहिले असे की सारा मामला तेलाचा होता, बाकी सगळे नाटक. दुसरे असे की गुप्तचर खात्यांची माहिती चुकली, त्यामुळे राज्यकर्ते फसले. दोन्ही उत्तरांत काही तथ्य असेलही. पण दोन्हींमुळे मूळ कागद वाचण्याचे कष्ट वाचतात, आणि त्यांच्या लोकप्रियतेचे तेही एक कारण असावे. मी राज्यशास्त्राचा नव्हे, उर्दू-मराठीचा अध्यापक आहे. त्यामुळे माझे लक्ष ठरावाच्या शब्दांकडे गेले, आणि शब्द वाचता वाचता असे दिसले की वाद केवळ इराककडे शस्त्रे आहेत की नाहीत एवढाच नव्हता. शस्त्रे आहेत की नाहीत हे ठरवायचे कोणी, आणि ठरवल्यावर युद्धाचा हुकूम द्यायचा कोणी, हा खरा प्रश्न होता. ८ नोव्हेंबरच्या ठरावात त्या प्रश्नाची जागा जाणूनबुजून कोरी ठेवली गेली होती.

आधीचा हिशेब

२००२ चा वाद समजून घ्यायचा तर १९९१ पर्यंत, किंबहुना त्याही मागे जावे लागते. इराण-इराक युद्धात (१९८०-८८) इराकी फौजांनी मस्टर्ड वायू आणि मज्जासंस्थेवर घाला घालणारे वायू वापरले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी १९८४ पासून प्रत्यक्ष जागेवर जाऊन त्याची तपासणी केली होती. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा या कुर्द शहरावर असाच मारा झाला आणि सुमारे ५,००० माणसे मेली. मारणारे आणि मरणारे दोघेही मुसलमान होते. त्या काळात सुरक्षा परिषदेने चिंता आणि निषेध व्यक्त करण्यापलीकडे फारसे काही केले नाही, कारण इराणला रोखण्यासाठी वॉशिंग्टनसह अनेक राजधान्यांना बगदाद हवे होते. शस्त्रे खरोखरच होती आणि माणसांवर वापरली जात होती, त्या वेळचा परिषदेचा हा सूर पुढच्या वादाशी ताडून पाहण्यासारखा आहे.

येथे एक कबुली द्यायला हवी. २००३ च्या सुरुवातीला मी एम.ए.चा विद्यार्थी होतो आणि युद्धविरोधी सभांना जात होतो. त्या सभांत सद्दाम हुसेन यांची सलाहुद्दीन अय्यूबींशी तुलना होई. दोघेही तिक्रितचे, असा दाखला दिला जाई. सलाहुद्दीन स्वतः कुर्द होते ही गोष्ट कोणी काढत नसे. हलब्जाचे नावही मी त्या सभांत ऐकले नाही, आणि माझ्याही तोंडून ते निघाले नाही. युद्धाला विरोध करण्यासाठी हलब्जा विसरण्याची काहीही गरज नव्हती, हे मला उशिरा कळले.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केला. २९ नोव्हेंबर १९९० च्या ठराव ६७८ ने कुवेतला साहाय्य करणाऱ्या देशांना 'सर्व आवश्यक उपाय' योजण्याची मुभा दिली. राजनैतिक भाषेत या तीन शब्दांचा अर्थ युद्ध असा होतो आणि तो सर्वांना ठाऊक असतो. क्यूबा व येमेन यांनी विरोधात मत दिले, चीन तटस्थ राहिला. युद्ध झाले, कुवेत सुटला. ३ एप्रिल १९९१ च्या ठराव ६८७ ने शस्त्रसंधीच्या अटी घातल्या : इराकने आपली रासायनिक व जैविक अस्त्रे आणि १५० किलोमीटरहून अधिक पल्ल्याची क्षेपणास्त्रे आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली नष्ट करावीत, अणुकार्यक्रम आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हवाली करावा, आणि या अटी पूर्ण होईपर्यंत आर्थिक निर्बंध चालू राहावेत.

दावा करील त्यानेच पुरावा द्यावा, हे आपल्या फिक्हमधील सूत्र वाचकांच्या परिचयाचे आहे. ठराव ६८७ ने हे सूत्र उलटे फिरवले असे वाटण्याची शक्यता आहे, कारण त्यात सिद्धतेचा भार इराकवर पडला. पण ते तितकेसे खरे नाही. इराकने आपल्याकडील शस्त्रांची यादी स्वतःच सादर केली होती, आणि जो कबूल करतो त्याला पुढचा हिशेब द्यावाच लागतो. घोटाळा झाला तो यापुढे. १९९१ च्या उन्हाळ्यात इराकी अधिकाऱ्यांनी निरीक्षकांना न कळवता शस्त्रांचा मोठा साठा गुपचूप नष्ट केला. त्याच्या नोंदी अर्धवट ठेवल्या, काही ठेवल्याच नाहीत. जे लपवायचे होते ते जाळून टाकले, आणि जाळल्याचा पुरावाही त्याबरोबरच गेला. बारा वर्षांनंतर ज्या वस्तूंचा 'हिशेब लागत नाही' म्हणून युद्ध झाले, त्यांतल्या बऱ्याच वस्तू त्या उन्हाळ्यातच संपल्या होत्या.

पुढची सात वर्षे निरीक्षकांच्या विशेष आयोगाने काम केले आणि मोठ्या प्रमाणावर शस्त्रे, यंत्रसामग्री व कारखाने मोडीत काढले. ऑगस्ट १९९५ मध्ये सद्दाम यांचे जावई हुसेन कामेल जॉर्डनला पळून गेले. लपवलेल्या जैविक कार्यक्रमाचे दप्तर त्यानंतर बाहेर आले आणि इराक खोटे बोलतो याचा तो कायमचा दाखला ठरला. सारी शस्त्रे माझ्या हुकमाने नष्ट झाली, असेही कामेल यांनी निरीक्षकांना त्याच मुलाखतीत सांगितले होते. हा भाग २००३ पर्यंत लोकांसमोर आला नाही. कामेल स्वतः फेब्रुवारी १९९६ मध्ये बगदादला परतले आणि काही दिवसांतच मारले गेले. डिसेंबर १९९८ मध्ये निरीक्षक इराकमधून बाहेर पडले, अमेरिका-ब्रिटनने चार दिवस बॉम्बफेक केली, आणि आयोगाच्या यंत्रणेचा अमेरिकी हेरगिरीसाठी उपयोग झाल्याच्या बातम्या १९९९ च्या सुरुवातीस फुटल्या. त्यानंतर चार वर्षे इराकमध्ये एकही शस्त्रनिरीक्षक नव्हता.

निर्बंधांनी सामान्य इराकी माणूस भरडला गेला यात शंका नाही. 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेचे इराकमधील प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्यानंतरचे हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये निषेध म्हणून पद सोडले. मात्र पाच लाख बालकांच्या मृत्यूचा जो आकडा आपल्याकडे अजूनही भाषणांत येतो, त्यामागील १९९९ च्या पाहणीची माहिती विश्वासार्ह नव्हती, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले आहे. शिक्षकांनी तो आकडा आता वापरू नये असे माझे मत आहे. निर्बंधांचे दुःख सांगायला त्याची गरज नाही.

ठरावातले शब्द

१२ सप्टेंबर २००२ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी आमसभेत भाषण केले : इराकने परिषदेचे ठराव पायदळी तुडवले आहेत, परिषद स्वतःच्या शब्दाची किंमत राखणार की नाही? चारच दिवसांत इराकने निरीक्षकांना परत येऊ देण्याचे पत्र दिले. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने बळाच्या वापरास मान्यता दिली; प्रतिनिधीगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. दरम्यान न्यूयॉर्कला आठ आठवडे मसुद्याची ओढाताण चालली. ही ओढाताण भाषेच्या अभ्यासकाने जरूर पाहावी.

अमेरिकेला 'सर्व आवश्यक उपाय' हे शब्द हवे होते. फ्रान्स व रशिया यांना ते नको होते. अखेरच्या मसुद्यात 'गंभीर परिणाम' असे आले, तेही परिषदेने इराकला पूर्वी वारंवार दिलेल्या इशाऱ्याची आठवण म्हणून. इराकने आपल्या बंधनांचा मूलभूत भंग केला आहे आणि तो चालूच आहे, असे पहिले कलम सांगते. इंग्रजीत येथे करार-कायद्यातील पारिभाषिक शब्द आहे, ज्याने शस्त्रसंधीच धोक्यात येऊ शकते. फ्रेंच मजकुरात मात्र 'उघड उल्लंघन' अशा अर्थाचा शब्द आहे. दोन्ही मजकूर अधिकृत आहेत. दुसरे कलम म्हणते की इराकला ही शेवटची संधी आहे. चौथ्या कलमात एका उभयान्वयी अव्ययावरून घोळ झाला. खोटी किंवा अपुरी माहिती देणे 'किंवा' सहकार्य न करणे म्हणजे नवा भंग, की खोटी माहिती 'आणि' असहकार अशी दोन्ही मिळून? शेवटी 'आणि' राहिले, आणि असा भंग परिषदेकडे 'मूल्यमापनासाठी' कळवला जाईल अशी जोड मिळाली.

सर्वांत महत्त्वाचे बारावे कलम. निरीक्षकांचा प्रतिकूल अहवाल आला तर परिषद ताबडतोब भरेल. कशासाठी? परिस्थितीचा 'विचार करण्यासाठी'. इंग्रजीत येथे 'कन्सिडर' हे क्रियापद आहे, 'डिसाइड' नाही. 'निर्णय घेण्यासाठी' असे असते तर दुसऱ्या ठरावाशिवाय युद्ध करता येणार नाही हे निर्विवाद झाले असते. 'विचार'च म्हटल्यामुळे अमेरिका म्हणू शकली की आम्ही परिषदेत बसलो, विचार केला, आता आम्ही मोकळे. फ्रान्स, रशिया, चीन म्हणू शकले की विचार कोणी उगीच करत नाही, त्यातून निर्णय अपेक्षितच असतो. आमच्या बी.ए.च्या वर्गात मी या दोन क्रियापदांवर एक तास घालवतो. मुले प्रथम कंटाळतात; पण एका क्रियापदावर किती माणसांचे जगणे-मरणे टांगलेले होते हे लक्षात आल्यावर कान टवकारतात.

मतदानानंतरची भाषणेही तशीच दुहेरी होती. अमेरिकेचे प्रतिनिधी जॉन नेग्रोपॉन्टे यांनी सांगितले की ठरावात कोणताही छुपा चाप नाही, बळाचा वापर आपोआप सुरू होणार नाही. त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितले की परिषदेने ठामपणे पावले उचलली नाहीत तर स्वसंरक्षणासाठी किंवा जुने ठराव अमलात आणण्यासाठी कोणत्याही सदस्यराष्ट्राचे हात या ठरावाने बांधलेले नाहीत. फ्रान्स, रशिया आणि चीन यांनी संयुक्त निवेदन काढून पहिल्या वाक्याचे स्वागत केले. दुसरे वाक्य त्यांना ऐकू आले नाही असे नव्हे. प्रत्येकाने आपल्याला हवा तो अर्थ घरी नेला. अशी संदिग्धता राजनीतीत नेहमी वाईटच असते असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा तिच्या आडोशाने वेळ मिळतो आणि वेळेत युद्ध टळते. येथे मात्र वेळ किती द्यायचा हेच कोणी ठरवले नव्हते.

निरीक्षकांचे महिने, सैन्याचे आठवडे

२७ नोव्हेंबर २००२ रोजी नवी तपासणी सुरू झाली. हान्स ब्लिक्स या स्वीडिश कायदेपंडितांकडे रासायनिक-जैविक अस्त्रे व क्षेपणास्त्रे होती, तर अणुऊर्जा संस्थेचे महासंचालक, इजिप्तचे मोहम्मद अल-बारादेई यांच्याकडे अणुकार्यक्रम. ७ डिसेंबरला इराकने सुमारे १२,००० पानांचे निवेदन दिले. त्यातला पुष्कळसा मजकूर जुनाच होता. २७ जानेवारी २००३ च्या अहवालात ब्लिक्स यांनी कडक भाषा वापरली : इराकने निःशस्त्रीकरण अजून मनापासून स्वीकारलेले दिसत नाही. दारे उघडली जातात, पण उत्तरे मिळत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. ब्लिक्स इराकचे वकील नव्हते हे विसरता कामा नये. इराकने काहीतरी लपवले असावे असे त्यांनाही वाटत होते, आणि त्यांनी ते नंतर मोकळेपणी सांगितले. आपल्याला वाटते ते आणि आपल्याला सापडले ते, या दोन गोष्टी त्यांनी अहवालात वेगळ्या ठेवल्या.

५ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी परिषदेत ध्वनिफिती ऐकवल्या, उपग्रहचित्रे दाखवली, फिरत्या जैविक प्रयोगशाळांचे वर्णन केले. प्रयोगशाळांची माहिती मुख्यतः 'कर्व्हबॉल' या सांकेतिक नावाच्या एका इराकी निर्वासिताकडून आलेली होती. आपण ती रचून सांगितली असे त्याने २०११ मध्ये मान्य केले. पॉवेल यांनीही २००५ मध्ये ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग असल्याचे सांगितले. १४ फेब्रुवारीला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री दोमिनिक द विलपाँ यांनी तपासणीला वेळ द्या अशी मागणी केली आणि परिषदेच्या दालनात, जेथे सहसा टाळ्या वाजत नाहीत, टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी लंडन, रोम, माद्रिद आणि जगभरच्या शेकडो शहरांत लाखोंचे मोर्चे निघाले.

पण माझ्या मते या साऱ्या काळातली निर्णायक तारीख ७ मार्च २००३ ही आहे, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. त्या दिवशी अल-बारादेई यांनी परिषदेला सांगितले की इराकने नायजरकडून युरेनियम मागवल्याचे दाखवणारी कागदपत्रे खरी नाहीत, आणि ज्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांवरून एवढे रान उठले त्या युरेनियम शुद्धीकरणासाठी असल्याचे दिसत नाही. ब्लिक्स यांनी सांगितले की अल-समूद-२ क्षेपणास्त्रे पल्ल्याची मर्यादा ओलांडतात म्हणून ती १ मार्चपासून मोडली जात आहेत आणि हे खरेखुरे निःशस्त्रीकरण आहे. अल-अझीझिया येथे इराकी लोक १९९१ साली फोडलेल्या बॉम्बचे तुकडे जमिनीतून उकरून मोजत होते. हरवलेला पुरावा अशा रीतीने पुन्हा गोळा होत होता. उरलेल्या कामाला किती वेळ लागेल? वर्षे नव्हेत, आठवडेही नव्हेत. महिने, असे ब्लिक्स यांचे उत्तर होते.

महिने द्यायला कोणाची हरकत होती? कुवेतमध्ये फौजा येऊन थांबल्या होत्या. उन्हाळा तोंडावर होता आणि रासायनिक हल्ल्यापासून बचाव करणारे पोशाख घालून त्या उन्हात लढणे अवघड. सैन्य नेऊन ठेवल्यामुळेच इराक वाकला, हे वॉशिंग्टनचे म्हणणे बरोबर होते. धाक नसता तर निरीक्षकांना दारे उघडली गेली नसती. पण ज्या सैन्याच्या धाकाने तपासणी शक्य झाली, त्याच सैन्याच्या वेळापत्रकाने ती संपवली. युद्धविरोधकांनी या धाकाचे श्रेय कधी मान्य केले नाही, आणि युद्धसमर्थकांनी त्या धाकाचे फळ पिकू दिले नाही.

नऊ मतांची शोधाशोध

अमेरिका, ब्रिटन आणि स्पेन यांनी २४ फेब्रुवारीला दुसऱ्या ठरावाचा मसुदा मांडला आणि ७ मार्चला त्यात १७ मार्चची मुदत घातली. मंजुरीसाठी नऊ मते आणि नकाराधिकाराचा अभाव हवा होता. हाती चार होती, कारण चौथा बल्गेरिया होता. अंगोला, कॅमेरून, गिनी, चिली, मेक्सिको आणि पाकिस्तान या सहा देशांकडे साऱ्या जगाचे डोळे लागले. यांतल्या बहुतेक शिष्टमंडळांवर अमेरिकी हेरखाते कान लावून असल्याचा निरोपवजा कागद २ मार्चला एका ब्रिटिश वृत्तपत्राने छापला. मदत, व्यापार, कर्ज यांची आमिषे आणि दडपणे असूनही हे देश बधले नाहीत. १४ मार्चला चिलीने तीन आठवड्यांची मुदत सुचवली, ती त्याच दिवशी फेटाळली गेली. ब्रिटनने सहा कसोट्या मांडल्या. सद्दाम यांनी दूरचित्रवाणीवर अरबीतून कबुली द्यावी ही त्यांतली एक. फ्रान्सचे अध्यक्ष जॅक शिराक यांनी १० मार्चला सांगितले की परिस्थिती काहीही असली तरी फ्रान्स विरोधात मत देईल. लंडनने याचा अर्थ फ्रान्स कधीच बळाला मान्यता देणार नाही असा लावला. पॅरिसच्या म्हणण्याप्रमाणे ते त्या दिवसापुरते, त्या मसुद्यापुरते होते. जर्मनीचे चॅन्सेलर श्र्योडर यांनी तर जानेवारीतच असा पाठिंबा नाकारला होता. १७ मार्चला मसुदा मतदानाला न टाकताच मागे घेण्यात आला.

मुस्लिम जगाची भूमिका एकसंध होती असे आपल्याकडे सरसकट लिहिले जाते. ती तशी नव्हती. शर्म अल-शेखच्या अरब परिषदेने १ मार्चला युद्धाला विरोध केला, पण कुवेत आणि कतार यांच्या भूमीवरूनच युद्धाची तयारी चालली होती. संयुक्त अरब अमिरातीने सद्दाम यांनी पायउतार होऊन देश सोडावा असे सुचवले, त्यावर चर्चाही होऊ दिली गेली नाही. सर्वांत लक्षणीय गोष्ट त्याच दिवशी अंकाऱ्यात घडली. सुमारे ६२,००० अमेरिकी सैनिकांना तुर्कस्तानातून जाऊ देण्याच्या प्रस्तावाला तुर्की संसदेत २६४ मते बाजूने, २५० विरोधात पडली आणि १९ सदस्य तटस्थ राहिले. बाजूने जास्त मते पडूनही उपस्थितांच्या निम्म्याहून अधिक होत नव्हती, म्हणून प्रस्ताव पडला. मोठ्या आर्थिक मदतीचा मोह समोर असताना एका निवडून आलेल्या संसदेने असे मत दिले, याची आपल्या उर्दू वृत्तपत्रांनी जितकी नोंद घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही. तेथे अजून बगदादच्या शौर्याचे मथळे चालू होते.

ब्रिटनचे महाधिवक्ता लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्चला पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना लेखी सल्ला दिला. त्यात दुसरा ठराव मिळवणे हाच सुरक्षित मार्ग म्हटले होते. तरी १९९० चा ठराव ६७८ नव्या भंगामुळे पुन्हा जिवंत होतो असा युक्तिवाद करता येईल, असेही होते. 'विचार' आणि 'निर्णय' यांतला फरक त्यांनीही तपासला होता. १७ मार्चला संसदेपुढे आलेल्या छोट्याशा उत्तरात मात्र शंका गळून पडल्या, निष्कर्ष तेवढा राहिला. पूर्ण सल्ला एप्रिल २००५ मध्ये उजेडात आला. परराष्ट्र खात्याच्या उपविधी सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी राजीनामा दिला, मंत्री रॉबिन कुक यांनीही दिला. १८ मार्चच्या रात्री ४१२ विरुद्ध १४९ मतांनी ब्रिटिश संसद युद्धाच्या बाजूने गेली. त्याच दिवशी निरीक्षक बगदादहून निघाले. तोवर त्यांनी ४११ ठिकाणी ७३१ तपासण्या केल्या होत्या.

'निंदा' या शब्दाची गोष्ट

शब्दांचा हा खेळ दिल्लीतही झाला. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने इराकमधील लष्करी कारवाईविरुद्ध एकमताने ठराव केला. सभापतिपदी मनोहर जोशी होते आणि त्यांनीच तो मांडला. विरोधी पक्षांना कठोर शब्द हवा होता, वाजपेयी सरकारला अमेरिकेशी संबंध जपायचे होते. तोडगा हिंदीत सापडला : 'निंदा'. विरोधकांनी तो धिक्कार म्हणून घेतला. इंग्रजीत त्याच शब्दाचा अनुवाद तीव्र खेदाच्या बाजूला झुकणारा केला गेला. आपण मराठी माणसे तर येथे आणखी अडखळतो. मराठीत 'निंदा' म्हणजे पाठीमागे केलेली नालस्ती. सरकारी कृतीचा आपण 'निषेध' करतो, जो शब्द संस्कृतात मनाईसाठी आहे. उर्दूत 'मज़म्मत' म्हटले असते तर पळवाट उरली नसती. 'अफ़सोस' म्हटले असते तर काहीच उरले नसते. न्यूयॉर्कमध्ये 'विचार करणे' जे करत होते, तेच दिल्लीत 'निंदा' करत होती. ठराव झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बगदाद पडले.

पुढे अमेरिकेने भारताकडे सुमारे १७,००० सैनिकांची एक डिव्हिजन मागितली. १४ जुलै २००३ रोजी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवणार नाही असे जाहीर केले. बेळगावच्या वाचकांना यात जुनी आठवण दिसेल. ज्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र तेथे आहे, तिच्या पूर्वीच्या १०३ आणि ११० क्रमांकाच्या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर दजला नदीकाठच्या कूतच्या वेढ्यात सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याने उपाशीपोटी तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली आणि पुष्कळ शिपाई कैदेत मेले. पुढच्या वर्षी बगदाद जिंकल्यावर जनरल मॉड यांनी जाहीरनामा काढला की आम्ही जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत.

काय सापडले

काहीच सापडले नाही, असे म्हणणे थोडे ढोबळ होईल. अमेरिकेनेच नेमलेल्या इराक सर्वेक्षण गटाने सप्टेंबर २००४ अखेरच्या अहवालात सांगितले की १९९१ नंतर इराककडे अशा शस्त्रांचे मोठे साठे उरले नव्हते. निर्बंध उठले की कार्यक्रम पुन्हा सुरू करण्याची इच्छा सद्दाम बाळगून होते, आणि शेजारच्या इराणला आपण निःशस्त्र झालो हे कळू नये अशीही त्यांची काळजी होती. अटकेतल्या जबाबातही त्यांनी इराणच्या धास्तीचा उल्लेख केला. जगाला पटवायचे की शस्त्रे नाहीत आणि शेजाऱ्याला वाटत ठेवायचे की असतील : हे दोन्ही एकाच वेळी साधणे कोणालाही जमले नसते. अँथ्रॅक्सच्या हिशेबाची कथा तर विलक्षण आहे. १९९१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचा काही साठा सद्दाम यांच्या एका राजवाड्याजवळ ओतून दिला आणि हे कळले तर जीव जाईल या भीतीने ते निरीक्षकांपुढे शेवटपर्यंत गप्प बसले. ब्लिक्स ज्या लिटरांचा हिशेब परिषदेत मागत होते, त्यातला काही भाग असा एका घाबरलेल्या राजवटीतल्या घाबरलेल्या माणसांच्या तोंडात अडकून होता.

सप्टेंबर २००४ मध्ये सरचिटणीस कोफी अन्नान यांनी एका मुलाखतीत हे युद्ध सनदेच्या दृष्टीने बेकायदेशीर होते असे सांगितले. ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीचा अहवाल ६ जुलै २०१६ ला आला. शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, कायदेशीर आधार ज्या पद्धतीने ठरवला गेला ती समाधानकारक नव्हती, आणि परिषदेचा अधिकार राखण्याच्या नावाखाली तो खिळखिळा झाला, असे त्यात नोंदले आहे. बगदादमधील ज्या कॅनॉल हॉटेलातून निरीक्षक काम करत, तेथेच १९ ऑगस्ट २००३ रोजी स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळला. संयुक्त राष्ट्रांचे दूत सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ माणसे गेली.

निरीक्षक आयोग कागदोपत्री त्यानंतरही चार वर्षे जिवंत होता. इराकमध्ये परत जाण्याची परवानगी त्याला मिळाली नाही. तो उपग्रहचित्रे पाहत आणि तिमाही अहवाल लिहीत राहिला. २९ जून २००७ रोजी ठराव १७६२ ने तो बरखास्त झाला, १४ विरुद्ध शून्य मतांनी. रशिया तटस्थ राहिला. इराककडे शस्त्रे होती की नव्हती याचे अधिकृत उत्तर या ठरावात नाही, हे त्याचे कारण. १९९१ च्या ठरावाने घातलेली शस्त्रविषयक बंधने १५ डिसेंबर २०१० च्या ठराव १९५७ ने उठवली गेली.